गोव्यातल्या फोंड्याहून आईला पत्र

ती. आई-अण्णांना आणि आजीला,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आजीला नीट ऐकू येत नाही आणि तू मध्येच रडायला लागतेस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आजीला मोठ्यानं वाचून दाखव. मी बरी आहे. हातांची आग थांबलीय. खाज दिवसा नसते, रात्री थोडी येते. फोड सुकून खपल्या धरल्यात. तोंडावर काहीही नाही. तू सारखं तेच विचारत होतीस म्हणून आधी लिहिलं.

मावशीला कुणीतरी गजकर्ण म्हणून सांगितलं, ते खोटं आहे. हा काजूचा चीक आहे. घरमालकीण काकींचं माहेर इथल्या सत्तरी तालुक्यात. काजूचा हंगाम संपत आला होता, म्हणून आम्ही सगळ्या बोंडं वेचायला गेलो. बोंडू पिरगळून बी वेगळी काढायची असते आणि त्या कच्च्या बीच्या टरफलात जे तेल असतं ते बिब्ब्यासारखंच जळजळीत. काजू, बिब्बा, आंबा हे सगळे एकाच कुळातले. अण्णांना बिब्बा उतला होता ते आजीला आठवत असेल, तसंच हे. चीक लागतो त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी लाल होते, मग पाण्याचे फोड येतात आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतं. फोडातलं पाणी दुसरीकडे लागलं तरी पसरत नाही आणि दुसऱ्या माणसाला तर होतच नाही. चीक मात्र अंगावरून, नखांतून, कपड्यांवरून साबणानं काढावा लागतो. ते मी त्याच दिवशी केलं होतं. काजू सोलणाऱ्या बायका हातांना तेल आणि राख चोळून बसतात ते याच्याचसाठी.

एकटी राहतेस, तुझ्याकडे कोण बघणार, असं तू म्हणालीस. आई, काकी बघतात. रोज रात्री दारात येऊन "बरें जातलें गो", म्हणजे बरं होईल गं, म्हणतात आणि पेज ठेवून जातात. डॉक्टरांनाही लगेच दाखवलं. मी औषधांच्या कंपनीत काम करते, कधी दाखवायचं एवढं मला कळतं. त्यांनी मलम दिलं, रात्रीची गोळी दिली. बाकी सगळं घरचंच करतेय.

फार खाजलं की गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेवते. नखं लावण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दुसरं ओट्स. हसू नकोस. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2003 मध्ये त्याच्या बारीक पिठाला त्वचेचं रक्षण करणारं म्हणून मान्यता दिली आहे. ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळायचे आणि चमचाभर ग्लासात टाकून बघायचे. पाणी दुधासारखं झालं तर बरोबर दळले, खाली बसले तर पुन्हा दळायचे. मग ते कोमट पाण्यात कालवून हात बुडवून बसायचं. पाणी गरम नको. गरम पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि नंतर दुप्पट खाज सुटते. हात हलके टिपून घेतले की फोड सुकलेल्या जागी ओलसर असतानाच घाण्याचं खोबरेल लावते. कोरफडही चालते, पण पान कापल्यावर आधी उभं ठेवून त्यातला पिवळा चीक निथळू द्यायचा, नाहीतर त्यानंच खाजतं. आतला पांढरा गर धुऊन घ्यायचा.

आजी अंगभर तेल चोळायला सांगते. बार्शीच्या कोरड्या हवेत ते बरोबर आहे. इथे मे महिन्यात अंगावरचा घाम वाळतच नाही, वर तेल थापलं की घामोळं वाढतं. तिनं पाठवलेलं करंजाचं तेल कपाटात नीट ठेवलंय, पण फुटलेल्या कातडीला ते लावत नाही. रागावू नको म्हणावं. आमसुलाच्या पाण्याचं मात्र तिचं शंभर टक्के खरं. अंगावर पित्त उठलं की इथेही तेच लावतात.

आता इथली एक रीत सांगते, ती मला अजून पुरती उलगडलेली नाही. मे लागला की फोंडा-डिचोलीकडची माणसं पहाटे गाड्या करून पणजीच्या मिरामारला समुद्रात न्हायला जातात. पोहायचं कुणालाच नसतं. आज्या साडीसकट, आजोबा लुंगीसकट कमरेएवढ्या पाण्यात बसून राहतात, लाटा अंगावर घेतात, ओल्या वाळूनं पाय घासतात. वर्षभराची खाज, घामोळं, सांधेदुखी त्यानं जाते आणि पावसाळ्यात अंग धड राहतं असं मानतात. काकींच्या मते ही न्हाणी विषम हवीत, पाच, सात नाहीतर नऊ. सहा झाली आणि कंटाळा आला तरी सातव्याला जायचंच. घरी आल्यावर त्या गोडं पाणी लगेच घेऊ देत नाहीत, मीठ अंगात मुरू दे म्हणतात. शिवाय पाऊस लागायच्या आत सगळी उरकायची. वेर्ण्याजवळ केसरवाळची झर आहे, तिचंही पाणी औषधी मानतात. मलाही नेलं होतं, पण मी काठावरच बसले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, फुटलेल्या फोडांवर ते कसं सोसायचं? धड कातडीला बरं वाटत असेल, एवढी माणसं उगीच येणार नाहीत. तिथे बसून आजीची फार आठवण आली. तिला पाण्यात बसायला आवडलं असतं.

आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला यायलाच हवं होतं. कंपनीत तपासणी होती, रजा मिळत नव्हती, हे मी फोनवर सांगितलंच आहे. पुन्हा सांगत नाही. पट्टी काढताना तिनं माझं नाव घेतलं हे दादानं मला सांगितलं.

अण्णा, तुमच्या खात्यावर पंधरा हजार टाकलेत. बी-खताचं आधी बघा आणि उरतील ते सोसायटीच्या हप्त्याला ठेवा. आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही. मला इथे फार खर्च नसतो, जेवण काकींकडेच होतं.

आणि भूमच्या स्थळाचं. आई, जूनमध्ये ते येणार असतील तर येऊ देत, पुढे ढकलू नकोस. डाग काही महिने राहतील, ते झाकायला लांब बाह्यांचे ब्लाउज मी घालणार नाही. काय झालं होतं ते त्यांना सरळ सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. नोकरी सोडायची का, हे मात्र त्यांनी आधीच विचारलंय असं दादा म्हणाला, ते तू मला का सांगितलं नाहीस? मी रागावलेली नाही. पण उत्तर मी आल्यावर देईन, तू माझ्या वतीनं हो म्हणू नकोस. तिकीट काढलं की कळवते.

तुझी,
सुमी

ता. क. दादाच्या मित्राबरोबर मुठेलाचे दोन गोळे पाठवतेय. कोकमाच्या बिया कुटून, उकळून वर येणारं हे तेल, थिजलं की काकी मुठीत वळून ठेवतात. अण्णांच्या टाचांच्या भेगांसाठी आहे. पाय धुऊन पुसायचे, पळीत थोडं वितळवून कोमट झालं की भरायचं. गोळे उन्हात ठेवू नका, बार्शीच्या उन्हात पाणी होईल. आजीनं डोळा चोळायचा नाही आणि डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंब वेळेवर घाल.