तळ्यावरचे जाळे

मा. संपादक,

थंडी पडली की तलवार बदके आणि थापट्ये गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या तळ्यांवर उतरतात. त्यांचे फोटो छापून येतात. रात्री काठावर काय चालते ते येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी पहाटे आमच्या गावच्या तळ्यावर दोन खुंटांना ताणलेले नायलॉनचे जाळे दिसले, पाण्यापासून हातभर वर. त्यात एक अडई, शीळ घालणारे लहान बदक, उलटी लटकत होती. दोरा पंखाच्या सांध्यात इतका रुतला होता की कोयतीच्या टोकाने एकेक फास कापावा लागला. सोडवली, पण पंख काही मिटेना. वर थवा शीळ घालत घिरट्या घालत होता.

माझे वडील बांधावर फासकी लावायचे, हे मी लपवत नाही. एखादा पक्षी सापडे, कधी तोही नाही. वन्यजीव कायदा कळला तेव्हा त्यांनी फासकी चुलीत घातली.

लेकीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा स्लिमब्रिजला बदके धरायचा जुना सापळा पाहिला. कला मूळची डचांची. तळ्यातून वाकडे चर निघतात, निमुळते होत जातात, वर कमानींवर जाळे. कडेला बोरूचे आडोसे. त्यांच्या फटींतून कुत्रा दिसतो, लपतो, पुढे पुन्हा दिसतो. बदके शत्रूवर नजर ठेवायला त्याच्यामागे पोहत आत जातात, मग माणूस मागून उभा राहतो आणि ती घाबरून टोकाच्या जाळ्यात शिरतात. पूर्वी अशा सापळ्यांतली बदके बाजारात जात. पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी 1946 मध्ये तिथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली आणि त्याच सापळ्यात धरलेल्या बदकांच्या पायात ओळखीची कडी घालून ती सोडून दिली जाऊ लागली. तेच जाळे, तीच बदके; माझ्या मनातून ते जात नाही.

आमच्याकडे नंदा तळ्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, त्याचा अभिमान आहेच. पण लहान तळ्यांना राखणदार नाही. पंचायतीत तक्रार दिली, 'बघू' म्हणाले. तळ्यातल्या मासळीची पावणी (लिलाव) होते तेव्हाच अट घाला: सूर्यास्तानंतर पाण्यावर जाळे ताणायचे नाही, सापडल्यास पावणी रद्द. आणि वनखात्याने फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून दोन रात्री तरी फेरी मारावी. खुंट कुठे रोवतात ते मी दाखवतो.

— एक वाचक, केपे