‘फायरवॉल चालू ठेवा’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

घरच्या वायफायच्या सुरक्षेवर वर्तमानपत्रांत अधूनमधून चौकटी येतात: पासवर्ड बदला, फायरवॉल चालू ठेवा, झालं! सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. राउटरची फायरवॉल, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं हे नियमांनुसार ठरवणारी पहारेकरी सोय, बहुधा चालूच असते. लोक अडकतात ते स्वतः नियम लिहायला बसल्यावर, आणि नियम लिहूनही काहीच अडत नाही तेव्हा.

मुख्य कारण क्रमाचं. बहुतेक राउटर नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळला की तिथेच थांबतात. ‘घरातून बाहेर सगळं जाऊ दे’ वर आणि ‘कॅमेरा बाहेर जाता कामा नये’ खाली असेल, तर खालच्याची पाळी येतच नाही. सर्वांत वर हवा तो सुरू असलेल्या कनेक्शनची उत्तरं आत घेणारा नियम. त्याखाली ठरावीक उपकरणांवरची बंदी, मग घरातल्यांना बाहेर मोकळीक, आणि तळाला बाहेरून येणारं उरलेलं सगळं बंद. यात एक मेख आहे. बंदी घातली तरी कॅमेऱ्याचं जुनं कनेक्शन पहिल्याच नियमावर पार होत राहतं. राउटर एकदा बंद करून चालू केला की ते तुटतं. नियम चालत नाही म्हणून दहा नवे नियम रचण्याआधी एवढं करून पाहावं.

नियम १९२.१६८.१.५० अशा, राउटरने उपकरणाला दिलेल्या पत्त्यावर लिहिला आणि उद्या राउटरने तो पत्ता दुसऱ्याच उपकरणाला दिला, तर बंदी भलत्यावर बसते. म्हणून आधी राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर त्या उपकरणाचा पत्ता राखून ठेवायचा. राखीव पत्ता मॅक पत्त्याला, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधलेला असतो आणि हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतात. फोनसाठी नियम करायचा तर त्या नेटवर्कपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी लागते.

एकाच वायफायवरचा टीव्ही आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ते सहसा या नियमांतून जातच नाही. त्यांना वेगळं ठेवायचं तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, हवं. तिथून राउटरकडे जाणारं सगळं बंद केलं की पत्ताच मिळत नाही. पत्ता मागण्यासाठीचं यूडीपी ६७ आणि साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचं ५३ ही पोर्टं (वाहतुकीची क्रमांक दिलेली दारं) तेवढी मोकळी ठेवावीत.

आता ज्याचा उल्लेख चौकटींत सापडत नाही ते आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. जुन्या आयपीव्ही४मध्ये अख्खं घर एका पत्त्यामागे दडलेलं असतं, त्यामुळे फायरवॉल ढिली असली तरी बरंच निभावतं. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. तिथे आडोसा म्हणून फायरवॉल तेवढीच, आणि आयपीव्ही४साठी लिहिलेले नियम तिथे लागू होतीलच असं नाही. काही राउटरांत दोन याद्या वेगळ्या असतात. दोन्ही भराव्या लागतात. मात्र जोशात आयसीएमपीव्ही६, म्हणजे आयपीव्ही६मधले अडचणी कळवणारे निरोप, सरसकट बंद करू नये. ‘पॅकेट (माहितीचा तुकडा) फार मोठं आहे’ हा निरोपही त्यातूनच येतो. तो अडला की काही साइट अर्ध्या उघडून लटकतात आणि दोष नेटच्या वेगाला दिला जातो.

यूपीएनपी ही आपोआप पोर्ट उघडून देणारी सोय राउटरवर चालू असेल तर घरातलं कोणतंही उपकरण न विचारता पोर्ट उघडू शकतं. गेम कन्सोलला गरज असेल तर त्याचं पोर्ट हाताने उघडावं, पण यूपीएनपी बंदच बरं. बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोयही बंद हवी. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते उघड्या टेलनेटवरून (उपकरण दुरून चालवण्याच्या जुन्या सोयीवरून), कारखान्याचेच पासवर्ड वापरून.

तपासणी घरच्या वायफायवरून करू नये. आतून पाहिलेलं पोर्ट उघडं दिसलं तरी बाहेरून ते तसंच असेल असं नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावं. काम सुरू करण्याआधी सेटिंगची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी आणि राउटरला केबलने जोडून बसावं. एका चुकीच्या नियमाने आपणच बाहेर राहिलो, तर मागचं रीसेट बटण दाबून धरण्याला पर्याय नसतो, आणि मग ती प्रतच कामी येते.

– एक वाचक