तुझ्या बेटावरचं तण

बेळगुंदी, ता. बेळगाव
१५ जून

प्रिय मध्या,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर सांगायला गेलो की तू 'मीटिंगमधे आहे गा, नंतर करतो' म्हणतोस, आणि ते 'नंतर' काही येत नाही. आज सुट्टी आहे, बाहेर मृगाचा पाऊस लागलाय, म्हणून बसलोय लिहीत.

गेल्या गणपतीत तू आमच्या माडीवर ठेवून गेलास तो स्विच लाईट, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, अजून माझ्याकडंच आहे. तू म्हणालास, राहू दे, खेळ. तेव्हा मी काय बोललो ते मला चांगलं आठवतंय: 'उद्यमबागेत दिवसभर लेथवर उभारून आल्यावर अंगठ्यानं शेती करायला मला काय वेड लागलंय?' ते शब्द मागं घेतो. दिवाळीपासून रोज खेळायलोय. पहिल्यांदा काढला तो लाईट गेली म्हणून, आणि आता आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, 'लाईट गेली की ह्यो आपला लाईट काढून बसतोय.'

पहिल्यांदा स्टारड्यू व्हॅली लावली, शेतीचा खेळ. सुरुवातीलाच ऑफिसात संगणकापुढं मान टाकून बसलेला एक पोरगा. खणातून आजोबांनी दिलेलं बंद पाकीट काढतो, फोडतो, तर आजोबांनी शेत त्याच्या नावावर केलेलं. मला तूच दिसलास. फक्त तो नोकरी सोडून बसमधून गावाकडं येतोय, आणि तू तुमचं ओढ्याकडचं वावर आमच्या बाबांना वाट्यानं लावून पुण्याला गेलास. आपल्याकडं सकाळची बस भरून जाते ती बेळगावच्या सीबीटी स्टँडकडं. उलट दिशेनं कोण येतंय?

शेत बघितलं तर नुसती दगडं, खुंटं आणि गवत. हातात कुदळ, कुऱ्हाड, टिकाव, विळा आणि झारी. गावचा सरपंच म्हण, तो १५ बिया देतो, पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी. चार वाफे खणले, बी टाकलं, झारीनं पाणी घातलं. पाणी पडलं की मातीचा तेवढाच चौकोन काळा होतो. बस्स, एवढंच. पण पहिला चौकोन काळा झाला तेव्हा मी कॉटवर नीट मांडी घालून बसलो.

चार दिवसांनी पीक काढताना बाबा मागं येऊन उभारले होते. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, 'किती बिया टाकलास?' म्हटलं, पंधरा. 'आणि आलं किती?' पंधरा. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'एकबी मेलं नाही?'

मध्या, मला वाटतं या खेळाची सगळी गोडी त्या एका प्रश्नात आहे. तू म्हणायचास, टेन्शन घालवायला बरं. पण टेन्शन घालवायला म्हणून माणूस काम सोडून पळतो. इथं तर मी कारखान्यातनं येऊन परत कामच करायलोय. पाणी घाल, कोंबड्यांना बघ, कुंपण घाल. फक्त या कामाच्या मागं भीती नाही. पाऊस पडला तर झारी खाली ठेवायची, दिवस मोकळा. हे आईला सांगितलं तर म्हणाली, 'मग भात कुजतंय कधी?' कुजत नाही गे आई. बुजगावणं उभं केलं की कावळे येत नाहीत. आपल्याकडं बुजगावण्याच्याच खांद्यावर मोर बसतोय, आणि रात्री रानडुकरं येतात ती वेगळीच. ऋतू बदलला की मात्र उभं पीक एका रात्रीत वाळून जातं, पण ती तारीख आधीपासून कॅलेंडरावर असते. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. अशी तारीख रोहिणी-मृगानं आपल्याला कधी लिहून दिली होती?

गेल्या साली नवरात्राच्या आधी आमची रताळी निघाली ते तुला सांगितलं नव्हतं. मी पहाटे गाडी भरून नेली. ज्या दलालानं आदल्या रात्री फोनवर एक भाव सांगितला होता, त्यानं पोती उतरल्यावर दुसराच सांगितला. परत न्यायचं भाडं परवडणार नाही हे त्याला माहीत होतं. दिली. त्या रात्री हा खेळ हातात असता तर बरं झालं असतं. खेळात विकायचा माल लाकडी पेटीत टाकून झोपायचं, सकाळी पैसे जमा. पेटी खोटं बोलत नाही.

दुसरा तुझा लाडका, अॅनिमल क्रॉसिंग, बेटावर घर करून राहायचा खेळ. तो मला आधी बालिश वाटला. पण त्यातलं कर्ज बघून बाबा खुर्ची ओढून बसले. त्यातला टॉम नूक नावाचा दुकानदार घर बांधून देतो, ९८ हजारांचं कर्ज लिहून घेतो, आणि व्याज? नाही. मुदत? नाही. फेडलं तर फेडलं, नाहीतर मासे पकड, फुलपाखरं धर, कोण विचारत नाही. बाबा म्हणाले, 'हा कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी? आपल्याकडं बदली करून घ्या की.' (आणि पाट्या कन्नडातही नाहीत, मराठीतही नाहीत. भांडणाला जागाच ठेवली नाही.)

सलगमांचा बाजार तर त्यांना पक्का कळतो. सलगम म्हणजे काय ते सांगताना मी 'नवलकोलाचा चुलत भाऊ' म्हणून वेळ मारून नेली. रविवारी सकाळी एक पोरगी डोक्यावर घेऊन विकायला येते, दुपारी बारानंतर मिळत नाहीत. सोमवार ते शनिवार दुकानात भाव रोज दोनदा बदलतो, सकाळी एक, दुपारी एक. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडले. जपानीत सलगमालाही 'काबू' म्हणतात आणि शेअरलाही, त्यावरूनच ही गंमत सुचली असणार. बाबा आता कारखान्यातनं आलो की विचारतात, 'दुपारचा काय फुटला?'

यातलं एक तुला माहीत असेल, नसेल तर ऐक. हा खेळ ज्यानं काढला तो कात्सुया एगुची जपानातल्या चिबाचा. स्विच काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीत नोकरी लागली म्हणून घरदार सोडून क्योटोला आला, आणि तिथं त्याला घरच्यांची, दोस्तांची आठवण काढत दिवस ढकलावे लागले. त्यातनं २००१ साली पहिला खेळ आला. गावात चार शेजारी असावेत, त्यांनी हटकावं, एवढीच त्याची भूक. शेतीच्या खेळांचा बाप म्हणतात त्या १९९६ च्या हार्वेस्ट मूनचंही तेच. यासुहिरो वादा क्यूशूच्या खेड्याकडला, टोकियोत गेल्यावर त्याला खेडं आठवायला लागलं. म्हणजे हे दोन्ही खेळ गाव सोडून गेलेल्यांनी केलेत. मला वाटायचं, शहरातल्यांची हौस. आता एवढं तोंड वर करून म्हणणार नाही.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी पत्र काढलं. एका स्विचवर अॅनिमल क्रॉसिंगचं बेट एकच असतं, म्हणून मी माझा तंबू तुझ्याच बेटावर ठोकलाय. तुला न विचारता. शनिवारी रात्री जरा आगाऊपणा केला, तुझं खातं उघडलं. खेळ खऱ्या घड्याळावर चालतो, त्यामुळं त्याला तू किती महिने आला नाहीस ते बरोबर ठाऊक. तुझ्या माणसाचे केस झोपेतनं उठल्यासारखे. घरात झुरळं पळायला लागली. बाहेर आलो तर एक शेजारीण धावत आली, इतके दिवस कुठं होतास म्हणाली. मी काय सांगणार? पुण्याला, असं त्यात दाबायची सोय नाही. झुरळं तेवढी मारली आणि तुझं खातं बंद केलं.

मग माझ्या खात्यावरनं भांगलायला बसलो. मी माझ्या तंबूच्या आसपासचं तेवढं काढत होतो, तुझ्या बाजूला मात्र रान माजलेलं. पुलापासनं संग्रहालयापर्यंत आलो तर दीड वाजला होता. सकाळी आठला खरी भांगलण होती, तुमच्याच ओढ्याकडच्या वावरात. रोहिणीत धूळवाफ पेरलेलं भात वीतभर आलंय, बरं आहे, पण गवतही तेवढंच. आई म्हणाली, 'रात्रभर कुठं होतास, डोळे लाल?' म्हटलं, मध्याकडं भांगलायला गेलो होतो. ती म्हणाली, 'मग आता हे कुणाचं?'

तुझ्या पत्रपेटीला हात लावला नाही. त्या खेळातली आई अधूनमधून पत्र पाठवत असते, सोबत काहीतरी खाऊ. ती तुझी तू उघड.

गणपतीला येशील तेव्हा चार्जरची वायर आण, हिला उंदरानं धरलंय. आणि रविवारी बाराच्या आत फोन कर. सलगम किती घ्यायचे ते बाबा तुला विचारून ठरवणार म्हणतात, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही.

तुझा,
पिंट्या