फाइल बांधून देणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, मुलाखतीची तारीख काय आली?" असं विचारता. म्हणून अमेरिकेतल्या ग्रीन कार्डसाठी (तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) तुमच्याकडून फाइल बांधून घेतलेल्या आम्हा समलिंगी जोडप्यांचं हे उघड पत्र.

तुम्ही वकील नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने दिलेलं मान्यतापत्र पुढे ठेवता. ज्याच्याकडे ते नाही आणि वकिलीची सनदही नाही, त्याच्याकडून इमिग्रेशनचा सल्ला घ्यायचा नाही, ही तुमची पहिली ताकीद. ओळखीतला कुणी "फॉर्म मी भरून देतो" म्हणाला की आपले लोक लगेच विरघळतात, त्यामुळे ती गरजेचीच होती.

आमच्यासारख्यांचा हा झगडा जुना आहे. १९७५ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर काउंटीत क्लेला रोरेक्स या क्लार्कबाईंनी रिचर्ड अ‍ॅडम्स आणि अँथनी सुलिव्हन यांना लग्नाचा परवाना दिला. अ‍ॅडम्स अमेरिकन नागरिक, सुलिव्हन ऑस्ट्रेलियन. दोन पुरुषांत खरं वैवाहिक नातं असूच शकत नाही, असं सुलिव्हन यांच्या ग्रीन कार्डसाठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळणाऱ्या सरकारी पत्रात चक्क शिवी घालून लिहिलं होतं. १९८२ मध्ये अपील कोर्टातही ते हरले. सुलिव्हन यांना ग्रीन कार्ड मिळालं ते २०१६ साली, विधुर म्हणून. अ‍ॅडम्स २०१२ मध्येच गेले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१३ च्या निकालानंतर असं नातं असू शकतं हे सरकारने मान्य केलं. पण आपलं नातं खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं प्रत्येक जोडप्यावर आहेच, आणि आमच्यासारख्यांची फाइल अडते ती तिथेच.

त्याआधी लग्नाचा प्रश्न. लग्न जिथे लागलं तिथे कायदेशीर असलं की इमिग्रेशनला पुरतं. भारतात समलिंगी लग्न कायद्याने लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क नाकारला. मग उरतात ते रस्ते तुम्ही कागदावर काढून दाखवता. अमेरिकन नागरिकाने वाग्दत्त जोडीदारासाठी आय-१२९एफ हा फॉर्म भरायचा: अर्जाआधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली हवी, आणि अमेरिकेत उतरल्यावर ९० दिवसांत लग्न. किंवा तिसऱ्या देशात लग्न करायचं. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून ते शक्य आहे. किंवा अमेरिकेतल्या युटा काउंटीचं ऑनलाइन, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून लागणारं लग्न. या शेवटच्या रस्त्यातला खड्डा तुमच्यामुळे कळला. समारंभाच्या वेळी दोघं दोन देशांत असतील, तर त्या लग्नानंतर दोघं एकत्र येऊन त्यांच्यात शरीरसंबंध झाला असल्याशिवाय इमिग्रेशन ते धरत नाही. म्हणून समारंभाच्या तारखेनंतरचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांच्या नावाचं हॉटेलचं बिल जपायचं. आधीच्या दहा भेटींचा इथे उपयोग नाही.

आता पुरावा. अधिकाऱ्याला सवयीने काय हवं असतं? दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो, एकत्र बँक खातं, दोघांच्या नावावरचं घरभाडं. ज्यांनी घरी काही सांगितलेलं नाही त्यांच्याकडे नातेवाइकांचे फोटो कुठून येणार? भाडेकरारात दुसरा 'रूममेट' असतो. अशा वेळी लोक हार-तुरे आणून फोटो काढायला निघतात. तुम्ही ते ठामपणे थांबवलंत. खोट्या लग्नाचा ठपका एकदा बसला की पुढे त्याच माणसासाठी कुणाचाही अर्ज मंजूर होत नाही, मग पुढचं लग्न कितीही खरं असो. त्याऐवजी पोकळी का आहे हे शपथपत्रात सरळ लिहायचं: घरच्यांना माहीत नाही, का नाही, आणि कोणाला माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांची शपथपत्रं जोडायची. त्यात पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि मुख्य म्हणजे कसं माहीत. "हे दोघे सुखाने राहतात" या ओळीवर तुम्ही काट मारता. "याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रभर हाच होता, घरी सोडतानाच्या कागदांवर सहीही यानेच केली" अशी ओळ तुम्हाला चालते.

फाइल बिघडवतात ते आपलेच जुने कागद. ऑफिसात कळू नये म्हणून लग्नानंतरही टॅक्स 'सिंगल' म्हणून भरलेला असतो. ३१ डिसेंबरला विवाहित असलात तर त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहितच. मुलाखतीआधी १०४०-एक्स भरून दुरुस्ती करून घ्यायची. आरोग्य विम्यात एकमेकांचं नाव, निवृत्ती खात्याचा वारस, गाडीचा विमा हे कागद गावाकडच्या कुणाच्या नजरेस पडत नाहीत, म्हणून ते आधी करायचे. आय-१३० वर, म्हणजे जोडीदारासाठीच्या मूळ अर्जावर, टपालाचा पत्ता राहत्या पत्त्याहून वेगळा देता येतो, हेही कितीजणांना ठाऊक असतं?

आणि पहिलं लग्न. घरच्यांनी लावून दिलेलं, मोडलेलं. ते लपवायचं नाही. शंभराच्या स्टँप पेपरवरची नोटरी केलेली सोडचिठ्ठी घेऊन लोक येतात. तुम्ही कोर्टाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत मागता. मराठी किंवा मोडी-मिश्रित कागद असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतरकाराची 'अचूक व पूर्ण' अशी सही. "मग आता पुरुषाशी लग्न कसं?" हा प्रश्न मुलाखतीत येतोच. त्याचं उत्तर पाठ करून घेत नाही तुम्ही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारता, आणि जुळलं नाही की हसता.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी. कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही दोनच वर्षांचं येतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढायचा अर्ज, भरायचा. या काळात जोडीदाराच्या हाती भलतीच सत्ता येते. "सही करणार नाही, आणि तुझ्या आईला फोन लावतो" ही धमकी आपल्यात मारझोडीइतकीच चालते, पण कुणी तिला छळ म्हणत नाही. तुम्ही म्हणालात. असा छळ असेल तर आय-७५१ एकट्यानेही भरता येतो, त्यासाठी ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. मूळ अर्जच झालेला नसेल आणि छळणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर आय-३६०, म्हणजे स्वतःच स्वतःसाठी करायचा अर्ज, त्याला न कळवता भरता येतो. धमकीचे मेसेज खोडू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी ईमेलवर पाठवा, हे तुम्ही दार लावून, जोडप्यातल्या प्रत्येकाला वेगळं सांगता. कुणाला गरज आहे हे न विचारता, सगळ्यांनाच सांगता.

तुमचे आभारी,
तुमच्या टेबलासमोर बसून गेलेली जोडपी, आणि त्यांतले आता एकटे राहणारेही