आजीच्या आईचं नाव काय होतं?

व्हांगानुई, न्यूझीलंड, २९ जून

ती. आई-बाबा आणि आजी,
सा. नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं लिहिलं की बाबा वाचत नाहीत आणि कॉलवर आई मधेच रडायला लागते, त्यामुळे जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज सुट्टी बघून नीट पत्र लिहितेय. प्रिंट काढा आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवा, यातलं निम्मं तिच्यासाठीच आहे. मी मजेत आहे. खरंच मजेत आहे. जेवते, झोपते, स्वेटर घालते, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

आधी त्या व्हिडिओचं. मावशीने तो ग्रुपवर बघितला आणि 'मृण्मयी तिकडे डोंगराला हात जोडून कसले मंत्र म्हणतेय, धर्मबिर्म बदलला की काय' असं आईला विचारलं, आणि आई तू दोन रात्री झोपली नाहीस हे मला दादाकडून कळलं. मला का नाही विचारलंस गं? मी काही बदललेलं नाही. टेबलावर ढोल्या गणपतीचा तोच फोटो आहे जो तू बॅगेत टाकला होतास. हात सवयीने जोडले गेले, बाकी तो मंत्र नव्हताच. त्याला पेपेहा म्हणतात, आणि ते आता सगळं सांगते म्हणजे तुला मावशीला सांगता येईल.

इथे माओरी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, ओळख करून देताना स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी सांगतात. आधी आपला डोंगर. मग आपली नदी. मग पूर्वज ज्या होडीतून समुद्र ओलांडून आले त्या होडीचं नाव, मग जमात, मग जमातीतली आपली भावकी, मग आपला माराए म्हणजे त्या भावकीची एकत्र जमायची जागा, आणि एवढं सगळं झालं की मग 'मी अमुक'. नोकरी, शिक्षण यातलं काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना की हा माणूस उभा राहून आम्हाला भूगोल का सांगतोय. पण ऐकणारे माना डोलवत होते आणि मधेच एक बाई 'आं!' म्हणाली, कारण तिची आजी त्याच नदीकाठची निघाली. आपल्याकडे लग्नात दोन अनोळखी म्हाताऱ्या पाच मिनिटांत 'म्हणजे तुम्ही अमक्यांच्या नणंदेच्या जाऊबाई' इथवर पोचतात ना, अगदी तसं. फक्त इथे डोंगर आणि नदी पण त्या नात्यात धरलेले असतात. माराएवरचं मोठं घरसुद्धा एखाद्या पूर्वजाचं शरीर असतं, आढं म्हणजे त्याचा कणा आणि वासे म्हणजे बरगड्या. चपला बाहेर काढून आत जायचं. तिथे बसल्यावर मला आपल्या वाड्यात बसल्यासारखं वाटलं, का ते माहीत नाही.

तर आमच्या बालवाडीत प्रत्येक टीचरला स्वतःचा पेपेहा यावा लागतो. मी आपली हुशारीने इथलाच डोंगर आणि इथलीच नदी पाठ करून गेले. आमच्याकडे एक वयस्कर बाई येतात, सगळे त्यांना कुइया म्हणतात, म्हणजे वडीलधारी आजीबाई. त्यांनी मला मधेच थांबवलं आणि म्हणाल्या, हे आमचे, तुझे कुठे आहेत? रागाने नाही म्हणाल्या. पण मला एकदम जाणवलं की मी दुसऱ्याच्या आजोबाला आपला आजोबा म्हणून सांगत होते.

मग मी पांडवगड म्हटलं. आणि कृष्णा म्हटलं. आई, परक्या लोकांसमोर कृष्णा हा शब्द मोठ्याने म्हटला आणि मला घाटाच्या पायऱ्यांचा वास आला, तुला खोटं वाटेल. आणि गावाचं नाव वाई सांगितल्यावर सगळे खूश, कारण माओरीत वाय म्हणजे पाणी. आणि वाय म्हणजे 'कोण' सुद्धा! को वाय कोए म्हणजे तू कोण, आणि हे लोक त्यातच 'तुझं पाणी कुठलं' असंही ऐकतात. आपल्याकडे कुणाला पाणी दाखवायचं, कुणाचं पाणी जोखायचं, बाबा यावर तुम्ही तासभर बोलाल, मला माहितीय.

अजून एक तुम्हाला सांगायचं कधीच राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही. ऑकलंडमधे आधीच्या नोकरीत मला मिमी म्हणायचे. मृ जमत नाही म्हणाले आणि मीही चालेल म्हटलं, नवीन होते, वाद कशाला. वर्षभर मी मिमी होते, बॅजवर पण. आप्पांशी बोलताना मागून कुणी मिमी म्हणून हाक मारली की मी फोन म्यूट करायचे. कारण नाव त्यांनीच ठेवलेलं ना, सगळ्यांनी सोपी नावं सुचवली आणि ते अडून बसले होते. इथे मात्र तिसऱ्याच दिवशी चार वर्षांची पोरं मला मृण्मयी म्हणायला लागली, कारण त्यांना शिकवलंय की नाव नीट घ्यायचं, नाव म्हणजे त्या माणसाची माणसं. कुइयांनी अर्थ विचारला. मी म्हटलं मातीची, मातीने घडलेली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, हिनेआहुओने. ती त्यांची पहिली बाई, ताने या देवाने कुरावाका नावाच्या जागेच्या लाल मातीतून घडवली आणि मग तिच्या नाकात श्वास फुंकला. आप्पांना हे सांगायला हवं होतं. खूप आवडलं असतं त्यांना.

आप्पा गेले तेव्हा मी आले नाही. तिकीट, रजा, व्हिसाचे कागद, सगळी कारणं खरी होती आणि तुम्ही कुणी एका शब्दाने बोलला नाहीत, त्याचंच जास्त वाटतं. मागच्या आठवड्यात इथे माटारिकी झाली. माटारिकी म्हणजे आपल्या कृत्तिकाच. जून-जुलैच्या सुमाराला त्या पहाटे पुन्हा दिसायला लागतात तेव्हा माओरींचं नवं वर्ष, २०२२ पासून त्याची सरकारी सुट्टी असते. पहाटे अंधारात सगळे जमतात आणि वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घेतात, त्या झुबक्यातली एक चांदणी गेलेल्यांचीच मानलेली आहे. कुइया मला म्हणाल्या, तुझं कुणी असेल तर घे. मी आप्पांचं पूर्ण नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढे मराठीतच काहीतरी बोलले. हाच झुबका त्यांनी मला गच्चीवर दाखवला होता, किती मोजता येतात सांग म्हणाले होते. दादाने सगळं शास्त्राप्रमाणे केलंय, त्याच्या जागी मी हे केलं असं नाही, आई. पण आता जरा बरं वाटतंय.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथली नदी, व्हांगानुई, २९० किलोमीटरची आहे आणि २०१७ मध्ये संसदेने कायदा करून तिला कायद्याने व्यक्ती ठरवलं. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमलेली असतात. तुम्ही लगेच म्हणाल की त्याच महिन्यात उत्तराखंडच्या हायकोर्टाने गंगा-यमुनेला पण व्यक्ती म्हटलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने ते स्थगित केलं. बरोबर. पण इथे नदीकाठच्या लोकांनी १९३८ मध्ये नदीच्या पात्रासाठी कोर्टात धाव घेतली होती, तेव्हापासून तीन-चार पिढ्या नुसतं एकच वाक्य म्हणत राहिल्या, मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी. लहान पोरांना पण येतं ते. शेवटी ते कायद्यातच घेतलं. मला वाटतं वाक्य नसतं तर कायदा झालाच नसता, वकिलांकडे सांगायला काही उरलंच नसतं.

आणि त्या वाक्याच्या मागे गोष्ट आहे, आजी, तुझ्या गोष्टीसारखीच. तोंगारिरो आणि तारानाकी हे दोन डोंगर पिहांगा नावाच्या सुंदर डोंगरासाठी भांडले, तारानाकी हरला आणि रातोरात पश्चिमेला पळाला, तो जाताना जमिनीला जी चीर पडली त्यात पाणी भरलं आणि ही नदी झाली. मी मुलांना आपली सांगितली, की सावित्री रागावली, तिने शाप दिला, विष्णूची कृष्णा झाली आणि शंकराची वेण्णा. एक पोरगा म्हणाला, मग त्यांनी एकमेकांना सॉरी म्हटलं का? आजी, म्हटलं का गं? तू ती गोष्ट कधी तिथपर्यंत सांगितलीच नाहीस, आम्ही आधीच झोपायचो.

आपणही तिला कृष्णाबाई म्हणतो. बाई. उत्सवात घाटाघाटावर बसवतो, ओटी भरतो, आणि नंतर तिच्यातच निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या सोडतो. मीही सोडल्यात. इथे आल्यापासून ते आठवलं की पोटात कालवतं. दादाला सांगा.

आता खरं जे लिहायचंय ते. इथे १८६७ मध्ये कायदा झाला की सरकारी मदतीच्या माओरी शाळांत शिकवायचं ते इंग्रजीतून. पुढे पोरगं माओरी बोललं की मार बसायचा. ती पोरं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांना भाषा दिलीच नाही, वाईट म्हणून नाही, मार चुकावा म्हणून, मायेने. असं करत मधली पिढीच्या पिढी मुकी झाली. कुइयांच्या आईने तसंच केलं, कुइया साठीला आल्यावर शिकल्या. १४ सप्टेंबर १९७२ ला तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेत गेला की शाळेत आमची भाषा शिकवा. १९८७ मध्ये ती राजभाषा झाली, पण त्याआधी १९८२ मध्येच लोकांनी कोहांगा रेओ सुरू केले होते, म्हणजे भाषेची घरटी. बालवाड्याच, पण शिकवणाऱ्या आज्या. आईबापांना येत नव्हतं म्हणून आज्यांनी थेट नातवंडांच्या कानात घातलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाथरूममधे जाऊन बसले थोडा वेळ, कारण आजी, माझ्याकडे तुझ्या फक्त सात ओव्या आहेत. फोनवर. त्यातल्या दोनांत कुकरची शिट्टी आहे. बाबा, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, ते तुम्हीच मला अभिमानाने सांगितलं होतं, आणि आपल्या घरातल्या जात्यावरच्या आपण सातसुद्धा नीट घेतल्या नाहीत.

आणि दुसरं. कुइयांनी मला विचारलं, तुझ्या आईची माणसं सांग, बापाच्या आईची सांग. मी आजीपर्यंत आले आणि थांबले. तुम्ही हॉलमधे फ्रेम करून लावलेली वंशावळ मला तोंडपाठ आहे, सात पिढ्या, मी धडाधडा म्हणून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, या सगळ्यांना जन्म कुणी दिला? बाबा, त्यात एकही बाई नाहीये हो. आजीचं लग्नात नाव बदललं हे मला माहितीय, पण आधीचं काय होतं? तुम्हाला तरी माहितीय का? सोळा वर्षं तिला कुणीतरी कोणत्यातरी नावाने हाक मारत होतं ना. आणि तिच्या आईचं? मी आजीच्या मांडीवर वाढले आणि मला तिचं नाव माहीत नाही.

तुम्हाला बोल लावत नाहीये. मीही कधी विचारलं नव्हतं.

यावरूनच दादाच्या लग्नाचं. गुरुजी ताटात तांदूळ घेऊन येतील, अंगठीने नवं नाव लिहायला. वहिनीचं आहे ते नाव राहू द्या. तिला विचारलंय का कुणी? आई, तू म्हणशील लांब बसून इकडच्या रीती शिकवते, पण अगं मी वर्षभर मिमी होते, कसं वाटतं ते माहितीय मला. तिला स्वतःला बदलून हवं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

साखरपुड्याला येणं जमणार नाही, वर्षाच्या रजा सगळ्या लग्नासाठी साठवतेय, डिसेंबरमधे पंधरा दिवस येतेय आणि या वेळी नक्की, तिकीट काढलं. काल पन्नास हजार टाकलेत, हॉलचा अ‍ॅडव्हान्स त्यातून द्या आणि पावती घ्या. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे पाठवते, लग्नाच्या पैशात ते ढकलू नका आणि 'एवढे कुठून आणलेस' असं विचारू नका, व्यवस्थित पगार आहे. त्या पुण्याच्या मुलाचा बायोडाटा वाचला. चांगला वाटतोय. आले की भेटेन, तोवर त्यांना हो पण नको आणि नाही पण नको, आणि मी परत कायमची कधी येणार हे त्यांना तुम्ही परस्पर सांगू नका, मलाच अजून सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी दोनला कॉल करते, इथले साडेआठ होतील. कुकर बंद ठेवा. आजीला आधी चहा द्या आणि घाई करू नका, आठवायला वेळ लागला तर मी थांबेन.

तुमची,
मृण्मयी

ता. क. बाबा, आजीने नाव सांगितलं तर लगेच टाइप करून पाठवू नका. मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय.