दादाच्या त्या फायनलबद्दल

प्रिय बाळ्या,

नऊ वर्षं दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे तुझ्याशी बोललो नाही. चूक माझी. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच.

दादाच्या मनीच्या चष्म्याचा नंबर सारखा वाढत होता. डॉक्टरांनी ड्रॉप्स घालून पाहिलं, तर डोळ्यातलं भिंगच वर सरकलेलं. तिथून हृदयाच्या डॉक्टरांकडे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, मुळाशी फुगून ४.३ सेंटिमीटर. मार्फान सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार.

दादा मूठ वळून अंगठा पलीकडून बाहेर काढायचा आणि नवख्यांकडून चहा उकळायचा, आठवतं? डॉक्टरांनी मनीला तेच करायला लावलं. अंगठा बाहेर आला आणि माझ्या पोटात गोळा आला.

फायब्रिलिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तंतू डोळ्यातलं भिंग धरून ठेवतात, धमनीच्या भिंतीला बळ देतात. पंधराव्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक बिघडलं की तंतू कच्चे. एक प्रत बिघडली तरी पुरते, म्हणून मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला.

फ्लो हायमनचं वाचलं. अमेरिकेची व्हॉलीबॉल खेळाडू, सहा फूट पाच इंच, ऑलिंपिकचं रौप्य मिळवलेली. १९८६ मध्ये जपानात सामना चालू असताना बदली होऊन बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. अगदी दादासारखी. आधी सगळे हार्ट अटॅकच म्हणाले. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली निघाली. मग तिच्या भावाला तपासलं, त्यालाही तेच. त्याचं ऑपरेशन वेळेत झालं. फायब्रिलिनचा शोधही १९८६ चाच, जनुकाचा दुवा १९९१ मध्ये लागला. दादाच्या वेळी हे सगळं माहीत होतं रे. आम्ही त्याचा साधा इको केला नाही, शवविच्छेदनही होऊ दिलं नाही.

आणि तेराव्याला सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो, "तूच ओढून नेलंस त्याला फायनलला." भिंत आधीच विरत आली होती, बाळ्या. ती त्या दिवशी नाही तर जिना चढताना गेली असती. मला माफ कर. आणि कॉलेजच्या मैदानावरचा तो चेंडू रेषेवरच पडला होता, पॉइंट तुझाच. तेही आजच कबूल करतो.

मनीला गोळ्या सुरू झाल्यात, सहा महिन्यांनी पुन्हा इको. पाचाच्या आसपास गेलं की ऑपरेशन. व्हॉलीबॉल बंद. बूट पलंगाखाली ठेवलेत, वहिनीला हात लावू देत नाही.

नाशिकला घर घेतलंस म्हणे, छान झालं. मुलं कितवीत?

परवा रात्री मनीनं विचारलं, "काका, बाबांना खूप दुखलं का?" मी काय सांगणार? मी आलोच नव्हतो. बाकावर शेजारी तू होतास, पाणी तू दिलंस. ये एकदा. जसं घडलं तसं तिला सांग.

तुझा,
पम्या