मच्छरदाणी गादीखाली खोचून घे

सोलापूर,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

हुतात्मा एक्सप्रेस सुटताना तू खिडकीतून हात केलास आणि मी पाठ फिरवून निघून आलो. पाडव्याच्या रात्री जे बोललो ते माझ्या तोंडून जायला नको होतं. "बॉटनीत पहिली आलीस आणि आता मेंढरांमागं हिंडणार" हे आजीनंही ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर सांगायला गेलो तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितो. सापाचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलो आहे.

तू टेबलावर ठेवून गेलेला प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. हुलजंतीची यात्रा आटोपली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, निघणार, सांगोला-आटपाडीचा माळ सोडून कुंभार्ली घाटानं चिपळूणकडं उतरणार, भातकापणी झालेल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवणार आणि पावसाआधी परत वर येणार. हा फेरा तू पायी करणार. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटाखाली तीन हजारांच्या वर. दख्खनी मेंढीची लोकर आणि खूर कोरड्या माळाचे. पावसाळा तिनं कोकणात काढला तर खूर कुजतात. म्हणून परतीची तारीख पंचांग ठरवत नाही, खूर ठरवतो. हे तू आराखड्यात एका ओळीत उरकलं आहेस. तिथं अजून लिही.

बॉटनी वाया गेली असं मी म्हणालो, ते चूकच. पुण्यात मानवशास्त्राचं एम.ए. केलेल्या किती जणांना मारवेल आणि पवना ही गवतं नुसत्या पात्यावरून वेगळे सांगता येतील? मेंढी काय खाते आणि काय टाकते, हे ज्याला दिसतं त्यालाच मेंढपाळाचा निर्णय कळतो. कुसळ फुलोऱ्यावर आली की त्या माळावरून कळप का हलवतात, हे तुला विचारावं लागणार नाही. सहावीत असताना आजीच्या पातळाला चिकटलेली कुसळं तू एकेक काढून वहीत डिंकानं चिकटवली होतीस, आठवतं? आजी अर्धा तास जिना चढायची थांबली होती. ती वही अजून कपाटात आहे.

आता मोजण्याबद्दल. "मेंढ्या किती?" असं थेट विचारू नकोस. नजर लागण्याची एक भीती, चराईच्या दंडाची दुसरी. सकाळी वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, एका बाजूनं उघडतात तेव्हा मेंढ्या अरुंद वाटेनं बाहेर पडतात. लांब उभी राहा, खिशात खडे ठेव, वीस मेंढ्यांना एक खडा. तीन सकाळी मोज आणि मधला आकडा धर. कोकरं मागं वाड्यावरच राहतात, ती निराळी मोजायची, नाहीतर सुटतात.

खताचा हिशेब हा तुझ्या प्रबंधाचा कणा आहे, तिथं घाई नको. मेंढ्या उठल्या की लगेच एक मीटर बाय एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाक, मध्येही आणि कडेलाही. मध्ये त्या दाटीनं बसतात, कडेला विरळ. नुसतं मधलं मोजलंस तर आकडा फुगेल. लेंड्यांच्या ओल्या वजनावर थांबू नकोस, कोकणात दवानंच वजन वाढतं. पत्र्यावर वाळव, वजन घटायचं थांबलं की तो आकडा लिही. मूत मातीत मुरतं, त्यातला नत्र या मोजणीत येत नाही, ते स्पष्ट नमूद कर. शेतकरी "पाच गुंठ्यांत बसवल्या" म्हणेल तर टेप लावून बघ. पाच गुंठे म्हणजे पाचशे चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. पावलानं मोजलेल्या गुंठ्यावर भरवसा ठेवलास तर एकरी हिशेब सगळा चुकेल. मोबदला धान्यात की पैशात, किती रात्रींचा, जेवण धरून की सोडून, हे त्याच दिवशी लिही. आठवड्यानं दोन्ही बाजू वेगळं सांगतात.

आणि हे काम पहाटेचं, म्हणजे तू रात्री कळपाजवळच झोपणार. जमिनीवर. बघ, आलो शेवटी तिथंच.

तात्यांच्या वस्तीवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. पोर पोटात दुखतं म्हणाली, ओवा दिला, पुन्हा झोपवली. मण्यार चावलेली कळत नाही गं. दात बारीक, वेदना नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. काही तासांनी पोटात कळ, घसा आवळल्यासारखा, पापण्या जड. पापण्या उचलत नाहीत म्हणजे झोप नव्हे, हे वाड्यातल्या दोन-तीन बायकांना तूच सांगून ठेव. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, देवळात न्यायचं नाही. बांगड्या-अंगठ्या काढायच्या, हाड मोडल्यावर फळी लावतात तसा हातपाय स्थिर करायचा, वेळ लिहायची आणि १०८ ला फोन. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच, आणि लहान मुलाला मात्रा कमी नसते. पण मण्यारीच्या विषानं श्वास थांबतो, नुसत्या बाटल्यांनी भागत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामी पोचलीस की आधी विचार, श्वासाचं यंत्र असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, गाडीनं किती वेळ. वहीच्या पहिल्या पानावर लिही. कातळावर फुरशी फार, तिथं दगड हातानं उचलू नकोस.

मी भाषण देतोय, कळतंय मला. तुझ्या गाइडनं हे सांगितलंही असेल. माफ कर. पुन्हा कामाचं लिहितो.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी अभ्यासले ते गवळी धनगर, सह्याद्रीच्या माथ्यावरचे, म्हशी पाळणारे. तुझे मेंढपाळ हटकर धनगर. तोंडी परीक्षेत हा फरक पहिल्यांदा विचारतील. आणि लसीकडं लक्ष दे. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात विष होण्याच्या रोगानं, धडधाकट मेंढी रात्रीत मरते आणि लोकांना वाटतं कुणी विष घातलं. लस पावसाळ्याआधी हवी, पहिल्या खेपेला दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. नेमका तेव्हा वाडा वाटेवर असतो, पहिली मात्रा एका तालुक्यात आणि दुसरीच्या वेळी भलत्याच जिल्ह्यात. गावात बसणाऱ्या माणसासाठी आखलेली योजना चालणाऱ्या माणसाला कशी लागू पडत नाही, हे दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

माळाचंही तसंच. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर कागदावर होतं, पुढं ते १,२२२ वर आलं. त्या आकड्यांत गावंच्या गावं आत गेली आणि बाहेर आली. मेंढरं मात्र दोन्ही वेळा घुसखोरच ठरली. तू हे लिहिणार आहेस, याचा मला अभिमान वाटतो. पाडव्याला हे बोलायला हवं होतं.

पण वही जप. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क आहे, पण आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. दावेदार सोडून इतर वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, नामांकित संस्थेचं संशोधनही चालतं. म्हणजे म्हातारीनं सांगितलेली मुक्कामाची नावं तुझ्या प्रबंधातून उद्या तिच्या नातवाच्या कामी येऊ शकतात. आणि त्याच वहीत "बंद कुरणात रात्री चारलं" असं नावानिशी लिहिलेलं असलं तर तेच अंगाशी येईल. नावांना खुणेचे आकडे दे, आकड्यांची यादी वेगळ्या वहीत, ती वही पुण्यात. बंद कुरणांच्या ठिकाणी जीपीएसचे बिंदू घेऊच नकोस.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वेगळ्या डब्यात बांधली आहे. भाकरी महिना टिकेल, चटणी ओल्या हातानं घेऊ नकोस. पार्सलमध्ये तुझी जुनी घडीची खाट आहे आणि मच्छरदाणी. एकटीसाठी खाट लावायला लाजशील, मला माहीत आहे. सगळे खाली झोपतात आणि ही पाहुणी वर. मग निदान मच्छरदाणी तरी लाव आणि चारी बाजूंनी गादीखाली खोच. मोकळी सोडलेली असली-नसली सारखीच. धान्याच्या पोत्यांपासून लांब झोप, उंदीर तिथं येतात.

घोंगडीवर साप येत नाही, असं वाड्यात कुणीतरी सांगेलच. आजीही सांगते. त्यांना खोडून काढू नकोस, विचार. काळ्या लोकरीचीच का, सनगरानं, म्हणजे विणणाऱ्यानं, चिंचोक्याची खळ दिलेली का, नवी की जुनी, कुणाकडून ऐकलं. सगळं उतरवून घे आणि मला कळव. आजीला वाचून दाखवायचं आहे, म्हणजे ती बोलायला लागेल.

तुझे,
अप्पा

ता. क. टॉर्चमध्ये नवे सेल घातले आहेत, चार जादा आहेत. रात्री उठलीस तर आधी उजेड, मग पाय खाली. घोंगडी अंथरलीस तरी मच्छरदाणी.